शिकारी कुत्रा, राखीव रान आणि पहिले शील



आपण घरोघरी त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातील पहिले शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. ते उच्चारताना आपल्याला फारसे अडखळायला होत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही आणि शिकारीचा छंदही नाही. परंतु शील हे केवळ ओळखीच्या प्रश्नांसाठी नसते. नवा देश, नवा शेजार, नवी संगत आली की तेच शील नव्याने तपासून पाहावे लागते. असाच एक प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. प्रथमदर्शनी तो आपला वाटणार नाही. तरीही तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत गेली आहेत. तिकडे ठराविक हंगामात, परवाना काढून शिकार करणे कायद्याने मान्य आहे. पुष्कळ सज्जन माणसेही ती करतात. आता समजा, तेथील एखाद्या बौद्ध कुटुंबाने बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्रा घरी आणला. कोणीतरी टाकून दिलेला, भेदरलेला, माणसाचा हात वर गेला की अंग चोरणारा. घरच्या मुलांच्या मायेने तो सावरला, खाऊ-पिऊ लागला, शेपटी हलवू लागला. मग शेजारी म्हणतो, ‘हा तर रिट्रीव्हर आहे, शिकारीचाच कुत्रा. याला तयार करा आणि आमच्या रानावर बदकांच्या शिकारीला चला.’

त्या उपासकाने काय करावे? जावे की न जावे? कुत्र्याला शिकवावे की शिकवू नये? आणि ‘मी बंदूक धरणार नाही, कुत्रा तेवढा नेईन’ असे तो म्हणाला, तर त्याचे शील शाबूत राहिले काय?

उत्तर घाईने देऊ नये. अगोदर विषय नीट समजून घेऊ.

कुत्र्याला काय शिकवतात?

रिट्रीव्हर म्हणजे पडलेले सावज शोधून, उचलून मालकाच्या हातात आणून देणारा कुत्रा. त्यांत लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे दोन प्रकार आपल्याकडेही ओळखीचे झाले आहेत. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना मदत करणाऱ्या पाण्यातल्या कुत्र्यांपासून लॅब्राडोर तयार झाला. गोल्डन रिट्रीव्हरची पैदास स्कॉटलंडमधील एका उमरावाने आपल्या जमिनीवर १८६८ मध्ये सुरू केली. बंदुका सुधारल्या, पक्षी दूरवर झुडपांत आणि पाण्यात पडू लागले, तेव्हा असा कुत्रा हवा झाला. पिढ्यान्पिढ्या निवड करून त्याचे तोंड इतके मऊ करण्यात आले की, तो पक्षी दातांत धरून आणतो तरी दात रुतत नाही.

पुष्कळांना वाटते की, शिकारी कुत्र्याला मारायला शिकवतात. रिट्रीव्हरच्या बाबतीत हे खरे नाही. त्याला थांबायला शिकवतात. पहिला धडा बसण्याचा. दुसरा धडा बसलेल्या जागी राहण्याचा, मालक दूर गेला तरी. मग मालकाच्या गुडघ्याला लागून चालण्याचा. पुढे कापडाची भरीव गुंडाळी लांब फेकतात. कुत्र्याचे सारे अंग तिच्याकडे धाव घेते. पण त्याचे नाव उच्चारले जाईपर्यंत त्याने हलायचे नसते. मग बंदुकीचा बार होतो, तरी हलायचे नाही. समोर पक्षी पडतो, तरी हलायचे नाही. नाव घेतले की सुटायचे, आणि जे पडताना दिसले नाही ते शिटीच्या आवाजावर आणि हाताच्या खुणेवर शोधायचे.

टाकून दिलेला कुत्रा असेल तर काम अधिक नाजूक असते. असे कित्येक कुत्रे बाराच्या आवाजाने गर्भगळीत होतात. त्यांची भीती दरडावून जात नाही. कुत्रा जेवत असताना दूरवर हलकासा आवाज करायचा. तो दचकला नाही, तर काही दिवसांनी थोडे जवळ यायचे. दचकला, तर पुन्हा मागे जायचे. घाई करणाऱ्याच्या हातून कुत्रा कायमचा बिघडतो.

वाचकहो, येथे थोडे थांबा. शीलाला पालीत ‘सिक्खापद’ म्हणतात, म्हणजे शिकण्याचे पाऊल. ‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे. मन एखाद्या गोष्टीकडे ओढ घेत असताना त्या ओढीच्या स्वाधीन न होणे, हाच शीलाचा अभ्यास. कुत्र्याला तोच अभ्यास दिला जातो, आणि तो देणाऱ्या माणसाजवळ मैत्री व सहनशीलता असावी लागते. पण माणसाने कुत्र्याला थांबायला शिकवावे आणि स्वतः मात्र चाप ओढण्यापूर्वी थांबू नये, हा काय न्याय झाला?

रान कसे राखतात?

शिकारीच्या रानाविषयीही आपण न्यायाने बोलले पाहिजे. अमेरिकेत चांगले शिकारी रान ओरबाडत नाहीत, ते राखतात. पक्ष्यांसाठी धान्याचे पट्टे न कापता उभे ठेवतात. जुने गवत एका वेळी सगळे न जाळता हंगाम आणि वारा पाहून तुकड्यातुकड्याने जाळतात, म्हणजे नवे कोवळे गवत येते आणि पक्ष्यांना आडोसाही उरतो. हिवाळ्यापूर्वी सखल शेतांत पाणी भरतात, म्हणजे स्थलांतर करणारी बदके तेथे उतरतात. किती पक्षी मारावेत याला कायद्याची मर्यादा असते.

१९३४ मध्ये तेथील सरकारने पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांसाठी एक तिकीट सक्तीचे केले. त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के कर वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना देण्याची सोय झाली. बदके शिशाचे छर्रे दाण्यांबरोबर गिळून विषबाधेने मरत असल्याचे दिसून आले, तेव्हा १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले.

या शास्त्राचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ १९३३ चा. ते स्वतः शिकारी होते. लांडगे मारले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, अशी त्यांची तरुणपणी समजूत होती. लांडगे संपले, हरणे बेसुमार वाढली, त्यांनी डोंगर उघडे केले आणि मग ती उपासमारीने मेली, हे त्यांनी पुढे आपल्या लेखनातून सांगितले. शिकार त्यांनी सोडली नाही. पण जुनी समजूत सोडली. अनुभवाने मत बदलणे हे बुद्धिवादी माणसाचे लक्षण आहे, आणि ते जेथे दिसेल तेथे आपण त्याचा आदर करावा.

तेव्हा शिकारी तेवढा दुष्ट, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

बाबासाहेबांनी दिलेले माप

अहिंसेविषयी आपल्या लोकांत दोन गैरसमज आढळतात. एक असा की, बौद्धाने मुंगीही मारता कामा नये. दुसरा असा की, बुद्धाने मांसाहाराला सरसकट बंदी केली नाही, तेव्हा पहिले शील नावापुरतेच आहे. दोन्ही चूक आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धाने अहिंसेचा जड नियम केला नाही, ते एक तत्त्व म्हणून दिले. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते आणि जबाबदार धरते. जेथे खरी गरज आहे तेथे माणसाने सारासार पाहून निर्णय घ्यावा. जेथे केवळ इच्छा आहे तेथे धम्माची संमती नाही.

हे माप आता आपल्या प्रश्नाला लावून पाहा. उभ्या पिकात रानडुकरांचा कळप घुसतो आणि वर्षाचे अन्न एका रात्रीत जाते, तेथे गरज आहे. आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली, तरी माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तेथे अधिकाऱ्याच्या परवानगीची वाट ठेवली आहे. लांडगे नाहीसे झालेल्या प्रदेशात हरणे उपासमारीने तडफडत असतील, तर त्यांची संख्या कमी करण्यालाही गरज म्हणता येईल. पण अशा गरजेचे लक्षण काय? ती माणसाला आनंद देत नाही. दुसरा उपाय सापडला तर माणूस तो आधी करून पाहतो.

सुटीच्या दिवशी पहाटे उठून, गरम चहा बरोबर घेऊन, मित्रांसह बदकांची वाट पाहत बसणे ही गरज नव्हे. तेथे घरात अन्न भरलेले आहे. तेथे नेम साधण्याचा आनंद हवा आहे. ती इच्छा आहे.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी बाल सिद्धार्थाची एक हकीकत दिली आहे. मित्र त्याला शिकारीला बोलावीत. तो जात नसे. ‘वाघाची भीती वाटते का?’ म्हणून ते त्याला डिवचीत. तुम्ही वाघ मारायला जात नाही, हरणासारखी निरुपद्रवी जनावरे मारायला जाता, असे तो उलट म्हणे. निदान आमची नेमबाजी पाहायला तरी चल, असा आग्रह झाला तरी तो नकार देई. निरपराध प्राणी मरताना पाहणेही त्याला नको होते. मित्रांचे निमंत्रण आणि ‘नुसते बघायला या’ हा आग्रह, अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो प्रसंग आणि आजचा आपला प्रश्न यांत कितीसे अंतर आहे?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, कुत्रा कोठे मारतो? पक्षी पडल्यावरच तो उचलतो. बौद्ध परंपरेत प्राणिघाताची पाच अंगे सांगितली आहेत. समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, मारण्याचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि मृत्यू. कुत्रा सुटतो त्याआधी बहुधा ही पाचही अंगे पूर्ण झालेली असतात. शिवाय जखमी पक्षी झुडपात तडफडत पडून राहू नये, यासाठीही कुत्रा उपयोगी पडतो. हे सारे खरे आहे. कुत्र्याचा दोष नाहीच. त्याला ना हेतू आहे, ना निवड. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे, आणि ती चेतना शिटी वाजविणाऱ्याची आहे. दोषी कोण हे विचारताना कुत्र्याच्या तोंडाकडे पाहायचे नसते, माणसाच्या मनाकडे पाहायचे असते. देवदत्ताने बाणाने पाडलेला पक्षी सिद्धार्थानेही उचलला होता. त्याने तो जगविण्यासाठी उचलला, आणि मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा हक्क मोठा ठरला. बंदूकवाल्याच्या थैलीत टाकण्यासाठी पक्षी उचलणे आणि तो जगविण्यासाठी उचलणे, या दोहोंत हात सारखेच वाकतात. कर्म मात्र वेगळे होते.

दुसरा आक्षेप असा की, शिकाऱ्याच्या पैशावर रान टिकते. शिकार बंद झाली तर पाणथळ जमिनी जातील. या म्हणण्यात वजन आहे. पण रान राखण्याला बंदूक लागत नाही. पाणी भरणे, गवत राखणे, धान्याचा पट्टा उभा ठेवणे यांतील एकाही कामासाठी पक्षी मारावा लागत नाही. ते १९३४ चे तिकीट शिकार न करणारा माणूसही विकत घेऊ शकतो, आणि पक्षीनिरीक्षण करणारे कित्येक जण घेतातही. मारण्याच्या इच्छेतून झालेले चांगले काम मारण्याची इच्छा काढूनही करता येत असेल, तर ती इच्छा ठेवायची कशासाठी?

तिसरा आक्षेप असा की, त्या कुत्र्याला त्यातच आनंद आहे. त्याचा आनंद धावण्यात, पोहण्यात, शोधण्यात आणि आणून देण्यात आहे. आणायची वस्तू मेलेले बदक आहे की कापडाची गुंडाळी, याच्याशी त्या आनंदाचे काही अडत नाही. आंधळ्यांना रस्ता दाखविणाऱ्या कुत्र्यांत लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर पुष्कळ असतात. मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ हा लॅब्राडोरच होता. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. तेच नाक, तोच संयम, तेच शिक्षण. किती माणसांचे प्राण त्याने वाचविले, याची मोजदाद कोण करणार?

सोपाऱ्याचा शिलालेख

हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या एका शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आठव्या शिलालेखाचा होता. त्या लेखाचा विषयच शिकार आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तीत मृगया व तसल्या करमणुकी करीत. अभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेस गेला. तेव्हापासून त्याने विहारयात्रेऐवजी धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील जनतेशी धम्मचर्चा असे तिचे स्वरूप होते. राजाने फिरणे सोडले नाही, फिरण्याचा हेतू बदलला.

अशोकाने हे एका दिवसात केले नाही. पहिल्या शिलालेखात तो प्रांजळपणे सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात दररोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीण तर नेहमी नाही, आणि पुढे हेही बंद होईल. पाचव्या स्तंभलेखात तो आणखी पुढे जातो. कारणावाचून रान जाळू नये, आणि एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, असे त्यात त्याने बजावले आहे. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना यात मोठा धीर आहे. पाऊल लहान असले तरी चालेल, पण दिशा बरोबर हवी.

तथागतांनी पहिले प्रवचन जेथे दिले त्या सारनाथच्या स्थानाचे नाव मृगदाव. तेथील मृगांविषयी जातकात जी कथा आहे ती शिकारीच्या राखीव रानाचीच आहे. राजासाठी रोज एका हरणाची पाळी लागे. गाभण हरिणीची पाळी आली, तेव्हा कळपाच्या नायकाने तिच्या जागी आपली मान पुढे केली, आणि राजाने सर्वच प्राण्यांना अभय दिले. तिला कथा म्हणूनच घ्या, पण तिचा अर्थ घ्या. शिकारीचे रान अभयाचे रान होऊ शकते. आपल्या महाराष्ट्रात तसे घडलेही आहे. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूर-राधानगरीचे जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले. जंगल तेच, डोंगर तेच, गवेही तेच.

कुत्रा आणि आपण

आता अगदी घरातली गोष्ट. मनुस्मृतीने चांडाळांची वस्ती गावाबाहेर ठरविली आणि कुत्रे व गाढवे एवढेच त्यांचे धन असे लिहून ठेवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळण्यात आला. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, आपल्या वाडवडिलांना होता. म्हणून भूतदयेच्या गोष्टी ऐकताना आपले लोक थोडे साशंक होतात. तो संशय साधार आहे. मुंग्यांना साखर घालणारा हात माणसाला पाणी नाकारीत होता, हे आपण विसरू शकत नाही.

पण त्यावरून कुत्र्याचा दुस्वास करावा काय? आपल्या वस्तीच्या कडेला आपल्याबरोबर जागणारा, आपल्याच शिळ्या तुकड्यावर जगणारा तो मुका प्राणी आपला शत्रू कधीच नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे लालनपालन करण्याची प्रतिज्ञा आहे. ज्यांना दया नाकारली गेली त्यांनाच ही प्रतिज्ञा दिली गेली, यात केवढा अर्थ आहे! आपली करुणा माणसापासून सुरू होते आणि माणसापाशी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाकलेल्याला उचलावे, खाऊ घालावे, भीती घालवावी, आणि मग त्याचा उपयोग दुसऱ्याच्या घातासाठी करावा, हा प्रकार फक्त कुत्र्याच्या बाबतीत घडत नाही. आपल्या वस्तीतील बेकार तरुणालाही कोणी जवळ करतो, चार पैसे देतो, पाठीवर हात ठेवतो, आणि एके दिवशी काठी हातात देऊन कोणाच्या तरी अंगावर जायला सांगतो. कुत्र्याला निवड नाही. माणसाला आहे. उपकार करणाऱ्याने हिंसा मागितली, तर तो उपकार नव्हता, ती खरेदी होती. हे आपल्या मुलांना वेळीच सांगा.

तर मग काय करावे?

त्या उपासकाने कुत्रा अवश्य पाळावा. त्याला बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे, वस्तू आणून देणे हे सारे शिकवावे. त्याने मोकळा, निर्भय आणि शिस्तीचा कुत्रा घडतो. मात्र त्याला बारासाठी तयार करू नये. शेजाऱ्याशी भांडू नये, त्याला पापी म्हणू नये. सिद्धार्थाप्रमाणे स्पष्ट नकार द्यावा. त्याच्या रानावर पाणी भरायला, गवत राखायला, पक्षी मोजायला मात्र आनंदाने जावे. स्वतःची जमीन असेल तर ती शिकारीसाठी हंगामी भाड्याने देऊ नये. तथागतांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. दुसऱ्याच्या मृत्यूवर मिळणारे भाडे त्या यादीत शब्दशः नसले, तरी तिच्या आशयात बसते.

आणि आपण, जे येथे खेड्यापाड्यांत आहोत, त्यांनी काय करावे? कुत्रे घेऊन सशाच्या मागे लागणारी पोरे आपल्या गावातही आहेत. कायद्याची भीती घालून ती थोडा वेळ थांबतील. त्यांना तो एकच प्रश्न विचारायला शिकवा: ही गरज आहे की इच्छा? पौर्णिमेला विहारात लहान मुलांना पहिले शील समजावून सांगताना एखादे कुत्र्याचे पिल्लू समोर बसवा. पोळीचा तुकडा समोर असताना ते नाव घेईपर्यंत कसे थांबते, ते मुलांना पाहू द्या. थांबता येणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.